साळूने उघडलेलं दार

साळू नावाच्या साळिंदराच्या गोष्टीवर आम्ही अ‍ॅनिमेशनचा सिनेमा करत होतो. पुस्तक आम्हा पाचही चित्रकारांना लहानपणापासून पाठ. म्हणून शेवटचा प्रसंग प्रत्येकाने आपापला, आठवणीतूनच काढला. पाचही चित्रं हुबेहूब सारखी निघाली. अर्धवट उघडलेलं दार, बाहेर अंधार, साळूचे काटे उभे.

पुस्तकाच्या लेखिकाबाईंनी चित्रं बघून एकेक करून पालथी ठेवली.

"पुस्तकात साळू दार उघडत नाही," त्या म्हणाल्या. "ते पान मी लिहिलं होतं, पण मलाच त्याची भीती वाटली. फाडून टाकलं. कुणाला दाखवलंसुद्धा नाही."

आम्ही पुस्तक चाळलं. ते पान खरंच नव्हतं.

घरी आल्याआल्या मी आईला फोन लावला. "साळूची गोष्ट मला तूच वाचून दाखवायचीस ना?"

"मला कुठली गं फुरसत? तुझे बाबा वाचायचे."

मागून बाबा म्हणाले, "मी कधी वाचली? मला वाटायचं, तूच वाचतेस."

मी फोन ठेवला. लेकीच्या खोलीतून गोष्ट वाचल्याचा हळू आवाज येत होता, रोज या वेळी येतो तसा. नवरा वाचतोय, म्हणून मी कधी आत डोकावले नव्हते.

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. नवरा भाजीची पिशवी घेऊन आत आला आणि मला बघून थबकला.

"तू इथे कशी? आत वाचत नाहीयेस?"

खोलीत पान उलटल्याचा आवाज झाला.

"आणि मग," आतला आवाज म्हणाला, "साळूने दार उघडलं."