अर्धी दोरी

"तुम्ही पोहोचला आहात," मोबाइलमधली बाई म्हणाली.

डोरीनने करकचून ब्रेक दाबला. समोर घर नव्हते. मक्याच्या शेताच्या कडेला एक लाकडी खोपटे होते आणि त्यात एक फोन.

अमिश माणसे धर्माच्या जुन्या रीतीने, घोडागाडीवर जगणारी; घरात फोन ठेवत नाहीत. चार घरांत मिळून एक, तोही रस्त्याकाठी. मघाशी मेनो श्लाबाक तिथूनच ओरडला होता, "बाई, लवकर या! माझ्या बायकोला, वेर्नाला कळा लागल्यात. मागच्या खेपेसारखं रक्त गेलं तर वाचायची नाही ती." आणि पत्ता विचारायच्या आत फोन ठेवून घराकडे पळाला होता. जुन्या सुईणीला इथली सगळी घरे पाठ होती. डोरीन नवी. त्या नंबरावर नकाशाने जी जागा दाखवली, तिकडे तिने गाडी हाणली होती.

तिने पुन्हा तोच नंबर लावला. समोरच्या खोपट्यात घंटी वाजू लागली.

रस्त्याकडेला टपालाच्या चार पेट्या होत्या. चारींवर श्लाबाक. त्यांतले दोन मेनो.

"अरे देवा!"

लांबवर चार पांढरी घरे, चार वाटा. विचारावे तर शेतात चिटपाखरू नाही. ती गाडीतून उतरली, परत बसली, परत उतरली.

सोमवार होता, धुण्याचा. तीन अंगणांतल्या दोऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरल्या होत्या. निळे झगे, काळ्या विजारी फडफडत होत्या. चौथ्या अंगणातली दोरी अर्धीच भरलेली. शेवटची चादर एकाच चिमट्यावर लोंबत होती. खाली गवतात टोपली लवंडली होती.

डोरीनने गाडी तिकडे घातली.

"मागे वळा," मोबाइल म्हणाला. "मागे वळा."

दारात मेनोची म्हातारी आई उभी होती. "कुठं होतीस गं? आमचा घोडा मोकळा सोडला असता तरी एव्हाना घरी आला असता!"

"पत्ता नको का सांगायला, आजी?"

"पत्ता? आमचं घर कुणाला ठाऊक नाही? चल आत, बोलत नको बसू!"

मूल आले, रडले. मग रक्त सुरू झाले. डोरीनने सुई टोचली, वेर्नाच्या पोटावर मूठ दाबून धरली.

"थांबलं का?" मेनोने भिंतीकडे तोंड करून विचारले.

"नाही."

"आता?"

"गप्प बस जरा!"

बऱ्याच वेळाने तिने मूठ सैल केली. "थांबलं."

हात धुवायला ती मागच्या दारी आली. शेजारच्या तिन्ही घरांकडून तीन बाया शेत तुडवत येत होत्या. एकीच्या हातात झाकलेले पातेले होते. त्यांना कुणी बोलावले नव्हते. पुढे असलेली बाई सरळ दोरीपाशी गेली. तिने चादर ताणली आणि दुसरा चिमटा लावला.