जादा रेषा

पाथरीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शहाऐंशी साली भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरचा सर्किट बोर्ड मी घरीच बनवला. तांब्याच्या पत्र्यावर ऑइलपेंटनं रेषा काढायच्या आणि उरलेलं तांबं आम्लात विरघळवायचं, ही माझी रीत. त्या दिवशी ब्रश घसरला आणि माइकच्या रेषेला लागून एक जादा रेषा उमटली. ती पुढं कुठंच जोडलेली नव्हती. अशी रेषा शेजारचा आवाज ओढून घेते आणि टोकाला आपटून परत पाठवते, हे ठाऊक असूनही मी कंटाळा केला आणि ती तशीच ठेवली.

दुपारी बोर्ड थेट घरच्या विजेवर लावला, कर्णा जोडला आणि माइक हातात घेतला. मी तोंड उघडण्याआधीच कर्ण्यातून माझा आवाज आला, "हॅलो, एक, दोन." मग मी तेच बोललो.

"दोन-दोनदा काय बोलायलाव?" बायकोनं, सुमंगलानं, स्वयंपाकघरातून विचारलं.

थोड्या वेळानं कर्ण्यातून मी चहा मागितला. मला तर चहा नको होता. पाच मिनिटांनी तल्लफ आली आणि मी मागितला, त्याच शब्दांत.

मी रेषा खरवडायला ब्लेड उचललं. तेवढ्यात कर्ण्यात मी हमसून रडू लागलो. "सुमंगला, डोळे उघड गं."

चहा घेऊन ती दारात आली होती.

"उघडेच हायत की," ती हसली, आणि कपाला जागा करायला तिनं ओल्या हातानं चालू बोर्ड बाजूला सारला.