कोर्टाने दिलेला वकील

"तो माणूस मला नको," सॉल्वेग म्हणाली. "दुसरा कोणी मिळालाच नाही का?"

"अख्ख्या काउंटीत फुकटचा वकील तो एकच आहे," काचेपलीकडून तिचा भाऊ आर्ने म्हणाला. बीटाची काढणी अर्धी टाकून तो तुरुंगात भेटीला आला होता. "म्हणून तर मी फार्गो शहरातून चांगला वकील आणलाय. बाहेर थांबलाय. दुपारी जज विचारतील तेव्हा त्याचं नाव सांग. पैशाचं मी बघतो. तू फक्त हट्ट करू नकोस."

सॉल्वेगने मान डोलावली. हट्ट करायला आता उरलं होतं कोण? मुलगी गेली आणि वर्षभरात नवराही निघून गेला. ओळखीच्या बायका सुरुवातीला डबे घेऊन यायच्या, मग त्यांचे फोन येऊ लागले, मग तेही थांबले. नऊ वर्षं ती एका माणसापुरतं सूप गरम करून टीव्हीसमोर बसत होती. पुढेपुढे सूपही सुटलं. बाटली तेवढी राहिली. गेल्या गुरुवारी त्याच नशेत तिने सायकलवरून चाललेल्या एका शिक्षकाला उडवलं. त्याचा पाय कापावा लागला.

आणि कोर्टाने तिला नेमून दिलेला वकील होता एल्डन प्रुइट. नऊ वर्षांपूर्वी त्याने डेल्बर्टचा खटला लढवला होता. पिऊन ट्रक चालवणारा डेल्बर्ट. भर चौकात तो सॉल्वेग चालवत असलेल्या गाडीवर आदळला आणि तिच्या शेजारी बसलेली तिची मुलगी कारी जागच्या जागी गेली. एकोणीस वर्षांची होती. डेल्बर्टला बारा वर्षांची शिक्षा झाली. तिसऱ्याच वर्षी तो तुरुंगात हृदयविकाराने मेला. निकालाच्या दिवशी त्याच्या बाजूला प्रुइटशिवाय कुणी नव्हतं. सॉल्वेग सगळ्यांदेखत त्या वकिलाच्या तोंडावर थुंकली होती.

आर्ने गेल्यावर तिला वकिलांच्या खोलीत नेलं. प्रुइट उभाच होता. केस पांढरे झाले होते.

"तुम्हाला मी नको असणार," तो म्हणाला. "फार्गोचे वकील हुशार आहेत. मी ओळखतो त्यांना. इथे सही करा, म्हणजे मी बाजूला होतो."

तिने पेन घेतलं. कागदावर टेकवलं आणि थांबली.

"एक विचारते. तुम्ही दोघंच असताना डेल्बर्ट माझ्या मुलीबद्दल काय बोलायचा?"

"ते मला सांगता येणार नाही."

"तो मेलाय."

"तरीही. माणूस मेला म्हणून त्याने वकिलाला सांगितलेलं उघड करता येत नाही, बाई. मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही."

"मी थुंकले तेव्हासुद्धा तुम्ही काही बोलला नाहीत."

"बोलण्यासारखं जे होतं ते त्याचं होतं. माझं नव्हतं."

बाहेर कुणीतरी किल्ल्या वाजवत गेलं. सॉल्वेगने त्याच्याकडे बघितलं.

"आणि मी काही सांगितलं तर?"

"मी तुमचा वकील असलो तर तेही माझ्यापाशीच राहील."

तिने सही न करता पेन खाली ठेवलं. "आर्नेला निरोप द्या, त्या साहेबांना परत पाठव म्हणावं. तो चिडेल. चिडू दे. आणि ते दार लावून घ्या."

प्रुइटने दार लावलं. समोर बसून त्याने वही उघडली. "गुरुवारपासून सुरू करू या. किती वाजता निघालात घरून?"

"गुरुवारचं मागाहून सांगते." सॉल्वेग म्हणाली. "डेल्बर्टने सिग्नल तोडला, असं मी शपथेवर सांगितलं होतं. कारी शेवटी काय बोलली, ते मात्र आजवर कुणालाच सांगितलं नाही. ती म्हणाली होती, 'आई, थांब ना, आपला सिग्नल लाल आहे.'"