मूळ दाखला

"झेरॉक्स नको. शाळा सोडल्याचा मूळ दाखला दाखवा," टेबलामागचा कारकून म्हणाला.

बबडीने फाईल पुन्हा उलटीपालटी केली. गुणपत्रिका होती, डॉक्टरांचं पत्र होतं, फोटो होते. तेवढा एकच कागद नव्हता.

"आई, तू पाहिला होतास ना ग?"

"काल तर होता," आई म्हणाली आणि खांद्यावरची पर्स तिने काखेत घट्ट धरली. दाखला त्या पर्समध्येच होता, रुमालाखाली.

"एक वाजता टेबल बंद," कारकून म्हणाला. "त्यानंतर देव आला तरी नाव चढत नाही."

"मी शाळेत फोन लावते," म्हणून बबडी अंगणात धावली. आई व्हरांड्यातल्या बाकावर टेकली. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

चार वर्षं नर्सिंगचं शिक्षण. फी, राहणं, जेवण, गणवेश, सगळं लष्कराकडून. बदल्यात पुढची पाच वर्षं लष्करी रुग्णालयात नोकरी. दीड हजार मुलींत बबडी चौथी आली होती. बाहेरच्या कॉलेजची फी आईच्या शिलाई मशीनला सात जन्मांत झेपली नसती. आज नाव चढलं नाही, तर नर्स होणं संपलंच.

आईला हे सगळं पाठ होतं. पण घरात माणसं दोनच. त्यातलं एक कुठल्या सरहद्दीवर जाऊन बसणार? त्यापेक्षा एखाद्या दुकानात नोकरी धरेल, संध्याकाळी सातला घरी येईल, डोळ्यांसमोर राहील.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला, कारकुनाच्या उघड्या दारापाशी, मफलर गुंडाळलेले एक काका बसले होते. न मागताच शिपायाने त्यांच्या हातात चहा आणून दिला.

"तुमचं कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"मुलगी. तुमचं?"

"माझीही मुलगीच. तिला सहा वर्षं झाली आता."

आई जरा सरकून बसली. "म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक असेल. झेपतं का हो मुलींना?"

"मुलींना झेपतं. आपल्यालाच झेपत नाही." काकांनी चहावर फुंकर मारली. "आमची घरी सराव करायची. रुग्णाच्या पलंगाची चादर घालतात ना, कोपरे दुमडून, पाकिटासारखी? मला झोपवून वरून अशी आवळायची की कूस बदलायची चोरी! मी म्हणायचो, बये, मी आजारी नाही ग, पण तुझ्या हातून होईन."

आईला हसू आलं. बबडीने गेला महिनाभर तिच्या दंडाला बँडेज बांधबांधून तिला मशीनवर बसू दिलं नव्हतं.

"लांब असते का?"

"लांबच म्हणायची."

"मग आठवण?"

"ताट वाढलं की येते."

आई पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली. "भीती नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली तर! आयुष्यात तेवढा कधी घाबरलो नव्हतो." काकांनी कप खाली ठेवला. "पण ताई, ती भीती माझी होती. तिची नव्हती. एवढी साधी गोष्ट, पण कळायला मला फार वेळ लागला."

अंगणात बबडी फोन कानाला लावून येरझारा घालत होती. शाळेत कोणी फोन उचलत नसावं. पुन्हा नंबर फिरवताना तिने बाहीने डोळे पुसले.

"पर्समध्ये एकदा बघता का?" काका घड्याळाकडे पाहत म्हणाले. "घाईगडबडीत कागद कुठेही जातात. सापडला म्हटलं की कोणी काही विचारत नाही."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. ते घड्याळाकडेच पाहत होते. मग ती उठली.

"बबडे! सापडला ग! पर्सच्या अस्तरात गेला होता."

"अस्तरात?" बबडी धावत आली, रडत रडतच हसायला लागली. "गावाचे कपडे शिवतेस आणि तुझ्याच पर्सचं अस्तर फाटकं! आणि बबडे म्हणू नकोस ना इथे, सगळे लष्करातले आहेत."

एकला दहा कमी असताना कारकुनाने शिक्का मारला. बबडीचं नाव यादीत चढलं.

बबडी सह्या करत असताना आई व्हरांड्यात परतली. बाक रिकामा होता. शिपाई कप उचलत होता.

"ते काका गेले का हो? त्यांच्या मुलीचा पत्ता घ्यायचा होता. तिथे रुग्णालयात माझ्या मुलीला कोणी ओळखीचं असलेलं बरं."

"कुठल्या रुग्णालयात?" शिपाई म्हणाला. "त्यांची मुलगी इथेच चौकात आहे ताई, चपलांच्या दुकानात बिलं करते, राहते वेगळी. परीक्षेत पहिली आली होती हो, पण कागद तपासायच्या दिवशी मूळ दाखलाच सापडेना. पुढच्या वर्षी वयात बसली नाही. तेव्हापासून दर वर्षी या दिवशी काका येऊन बसतात."

"आणि तो दाखला?"

"सापडला ना, घराला रंग दिला तेव्हा. काकांच्याच ट्रंकेत, अगदी तळाशी."