शेगडी हाव म्हणाली

घरात काचेची शेगडी आली तेव्हा प्रांजलने आईला एवढंच बजावलं होतं, की बंद केल्यावरही काच तापलेलीच असते; लाल एच दिसतोय तोवर पुसायला हात लावायचा नाही.

"समजलं. एच म्हंजे हाव," झुंबरबाई म्हणाल्या. तेव्हापासून ओलं फडकं हातात घेतलं की त्या शेगडीला आधी विचारायच्या, "तापेल हायेस का वं?" शेगडी हाव म्हणाली, की फडकं परत खांद्यावर.

पुढे प्रांजलला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. बाबा म्हणाले, "घरात एकानं जरी हाव म्हटलं, त मी नाही म्हणत नाही." पण एकुलत्या एका पोरीला बुलढाण्याबाहेर धाडायचं म्हटलं, की आईच्या तोंडून तो शब्द काही निघेना.

आज दूध उतू गेलं. शेगडी बंद करून, फडकं घेऊन उभ्या प्रांजलने वैतागून तिलाच विचारलं, "मी पुण्याले जाऊ का वं?"

काचेवर लालभडक एच! मायलेकी पोट धरधरून हसल्या. हसू ओसरेपर्यंत काच निवली, एच विझला, सांडलेलं दूध पुसून झालं, आणि तेवढ्यात फाटकाशी बाबांची मोटरसायकल वाजली.


झुंबरबाईंनी डोळे पुसत लगबगीनं चहाचं भांडं शेगडीवर चढवलं. "चहा झाला का बंद कर, अन् बाबासमोर इचार तिले पुन्हा!"