कॅज्युअल्टीतलं खेळणं

पोट धरून कण्हत आलेल्या रेडिऑलॉजी विभागप्रमुखांनी माझ्या हातातला सोनोग्राफीचा प्रोब पाहून तोंड वाकडं केलं. “ते खेळणं लांब ठेव. कॅज्युअल्टीवाल्यांना त्यात काय कप्पाळ दिसणार?” “सर, पोट तुमचं, कॅज्युअल्टी माझी. शर्ट वर घ्या.” मी जेल थापलं. पडद्यावर पोटातली मुख्य रक्तवाहिनी तिप्पट फुगलेली दिसली. बीपी पडत होतं, म्हणजे ती फुटत होती. सर्जनला फोन लावला. “रेडिऑलॉजिस्टनं पाहिलंय? त्याशिवाय ऑपरेशन नाही, नियम आहे.” कॅज्युअल्टीतली सोनोग्राफी खरी मानायची नाही, हा नियम सरांनीच भांडून करून घेतला होता. मी फोन स्पीकरवर टाकून पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी प्रोब हिसकावून स्वतःच्याच पोटावर फिरवला. चेहरा उतरला. “मी पाहिलंय,” ते फोनवर खेकसले. “फुटतेय. थिएटर तयार ठेव.” “पेशंट कोण, सर?” “अरे गाढवा, मीच!”