बादलीची जागा

कोणती जुनी पोलीस ठाणी दुरुस्त करायची, ते ठरवायला इंजिनिअर मॅडम येणार होत्या. साहेब येणार म्हटलं की करतात तसंच हवालदारांनी केलं: भिंती रंगवल्या, गळक्या छताखालची बादली कपाटामागे दडवली. मॅडमनी सगळं पाहून वही मिटली. “ठाणं लखलखीत, काका. याला दुरुस्ती कशाला?” हवालदारांची छाती फुगली आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं: आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला! तेवढ्यात मॅडम वाकल्या. फरशीवर घासूनही न गेलेलं गंजाचं कडं होतं. “इथली बादली कुठाय?” हवालदारांनी मान खाली घालून ती आणली. “किती वर्षं गळतंय?” “बावीस.” “आणि तक्रारींचे कागद?” आता मात्र मान ताठ झाली. “एकही भिजू दिला नाही, मॅडम!” मॅडमनी ठाणं यादीत पहिलं घातलं. हवालदारांनी बादली त्या कड्यावर मांडली, बक्षिसाच्या ढालीसारखी.